तीस थेंबांचा माणूस

पहिल्या भेटीतच मी त्यांच्या संग्रहातला एक नमुना खाल्ला. खाल्ला म्हणजे गिळला नाही, पण दात रोवले. आमच्या ओळखीचा पाया हा असा माझ्याच दाढेने घातला गेला.

बऱ्हाणपुरात मी इंग्रजीचा मास्तर म्हणून नुकताच रुजू झालो होतो. राज्य साहेबाचं होतं आणि मी बी.ए. होतो, त्यामुळे ते थोडंसं माझंही आहे असं मला वाटत असे. राहायला जागा हवी होती. कुणीतरी सांगितलं, शनवारा दरवाजाच्या अलीकडे एक रेल्वेचे पेन्शनर आहेत, वरचा मजला भाड्याने देतात, पण माणूस तऱ्हेवाईक आहे. मी म्हटलं, मला तऱ्हेवाईक माणसांशी जमवून घेता येतं. माझ्याविषयी इतकं खोटं विधान तोवर कुणी केलं नव्हतं.

मी गेलो तेव्हा ते आत पागोटं शोधत होते. मला बसायला सांगितलं होतं. समोर पितळी ताटलीत पांढरट-तांबूस तुकडे मांडून ठेवले होते, पापुद्र्यापापुद्र्यांचे, थेट नारळाच्या वडीसारखे. मी सकाळपासून उपाशी. नवख्या माणसाने हावरेपणा दाखवू नये म्हणून त्यातल्या त्यात लहानसा उचलला आणि चावला. कट्‌ असा आवाज झाला. त्याच क्षणी ते बाहेर आले.

"मास्तर," ते शांतपणे म्हणाले, "तो खायाचा नाई. ते बायलरचे खपले हायेत."

मग पुढची पंधरा मिनिटं त्यांनी मला ताटलीची ओळख करून दिली. कठीण पाणी उकळून उकळून इंजिनाच्या पोटात जो दगडी थर धरतो, त्याचे हे तुकडे. हा भुसावळचा, हा खंडव्याचा, हा पिवळसर आहे तो चांदनीच्या टाकीतला. प्रत्येकाला एक स्वभाव होता. खंडव्याचा भुसभुशीत, "पावसाळी माणसासारखा". भुसावळचा कडक, "सासरा". मी चावलेला तुकडा अजून माझ्या हातात होता. काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, "आणि हा कुठला?"

त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, धोतराला पुसला, त्यावर उमटलेली माझ्या दाताची खूण निरखली आणि म्हणाले, "हा इथलाच." बाकीच्यांवर एवढं बोललेला माणूस त्याच्यावर आणखी एक अक्षर बोलला नाही. तुकडा जागेवर ठेवला आणि म्हणाले, "दात पक्के हायेत. जागा तुमची."

त्यांना सगळा मोहल्ला झागवाले दादा म्हणे; झाग म्हणजे फेस. त्याचं कारण त्यांच्या कोटाच्या खिशांत होतं. डाव्या खिशात एक चपटी बाटली, तीत स्पिरिटात विरघळवलेला साबण. उजव्या खिशात काचेची कुपी. कुणाच्याही घरी पाण्याचा पेला पुढे आला की दादा आधी कुपी खुणेपर्यंत भरत, साबणाचा एकेक थेंब टाकत, बूच लावून हलवत आणि कुपी आडवी धरून रेल्वेच्या घड्याळाकडे बघत बसत. फेस पुरी पाच मिनिटं टिकला की मोजणी संपली. जितके थेंब जास्त लागले तितकं पाणी कठीण. मग ते आकडा जाहीर करत आणि पाणी पीत. आकडा कितीही आला तरी पीतच. त्यामुळे हा सगळा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न नव्या माणसाला पडे. जुन्या माणसांनी तो सोडून दिला होता.

इच्छापूरला मुलाच्या घरी झालेल्या एका लग्नात त्यांनी अख्खी पंगत खोळंबवून ठेवली होती. भात वाढला, वरण वाढलं, तूप वाढलं, लोक हात उचलून बसलेले, आणि दादा कुपी हलवतायत. मुलीच्या बापाचा चेहरा उतरला. त्याला वाटलं, पाण्यात कुणी काही कालवलं की काय. पाच मिनिटांनी दादा गरजले, "एकवीस! पोरगी द्याले हरकत नाई. पण व्याह्याले सांगा, बंब दर दिवाळीले धुवत जा."

माणसांनाही ते थेंबांतच मोजत. शेजारच्या केळीच्या बागावाल्या काकू आठ थेंबांच्या. पोस्टमास्तर सोळा. जसोंडीहून दूध घेऊन येणारा गवळी, तो दुधात काय घालतो हे सर्वांना ठाऊक असूनही, केवळ पाच, "मानूस मऊ हाये, दूध कसं बी असो." एकदा मी मोठ्या हौसेने विचारलं, "दादा, मी किती थेंबांचा?"

"तीस," ते क्षणाचाही विचार न करता म्हणाले. आमच्या आडाचं पाणीही तीसच होतं. "साबन पुरा घुसळला तरी फेस येत नाई. कारन की तुम्ही कोनाले काई विचारतच नाई. सगळं अगोदरच माहीत."

मी हसलो. मला ही स्तुती वाटली होती.

आता खरी गोष्ट. सहा महिन्यांनी मी लग्न केलं आणि बायकोला कोकणातून बऱ्हाणपुरास आणलं. लग्न तिच्या थोरल्या मामांनी जमवलं होतं. तिला लहानपणापासून त्यांनीच वाढवलेलं. बोलणी चालू असताना मामांनी विचारलं होतं, "गावात पाण्याची सोय कशी?" त्यावर मी अर्धा तास व्याख्यान झोडलं होतं. बादशाही शहर, जमिनीखालून बोगद्यांतून वाहत येणारं पाणी, एकाला एक जोडलेल्या विहिरींसारख्या कुंड्या. मामा दिपले. ते पाणी चवीला गोड असलं तरी पातेल्यात दगड होतं, हे मी सांगितलं नाही. मला ठाऊकच नव्हतं. मी तोवर खानावळीत जेवत होतो, आणि खानावळीतल्या वरणाविषयी माणूस कधी चौकशी करत नाही.

ही आली आणि पहिल्याच दिवशी तुरीची डाळ शिजेना. आधण उकळतंय, डाळ नाचतेय, पण एकेक दाणा ताठ. दोन तास झाले, तीन तास झाले. शाळेची वेळ झाली. मी ते वरण ताटात घेतलं तेव्हा ते भातावरून घरंगळलं. दुसऱ्या दिवशी तेच. महिन्यामागून महिने तेच. डोक्याला रिठे लावले तर केस चिकट होऊन त्यांच्या वाती वळल्या; कोकणातून आणलेले गुडघ्यापर्यंतचे केस, ती आता अंबाडा सोडीनाशी झाली. पण केसांचं दुःख तिने गिळलं. डाळीचं गिळता येत नव्हतं, अक्षरशः. माहेरी तिच्या हातच्या वरणाची ख्याती होती. इथे ती रोज सकाळी चुलीपुढे नापास होत होती आणि मी, व्यवसायाने मास्तर असल्यामुळे, रोज शेरा देत होतो. "जरा कच्चं वाटतं का?" हा माझा त्यातल्या त्यात सौम्य शेरा.

फाल्गुन लागता लागता तिने मामांना पत्र घातलं. मला वाचून दाखवलं. लपवाछपवी तिच्या स्वभावात नव्हती. "मुराळी म्हणून या आणि मला काही महिने घेऊन जा. इथलं अन्न माझ्या हाताला येत नाही."

"काही महिने म्हणजे किती?" मी विचारलं.

"तुमच्या गावची डाळ शिजेपर्यंत," ती म्हणाली. ती विनोद करत नव्हती. तिचे डोळे पाहिले आणि मला कळलं, ही गेली तर परत येण्याची घाई हिला नसेल, आणि परत बोलावण्याचं तोंड मला नसेल.

मामांचं उत्तर आलं: चैत्रातल्या शुद्ध एकादशीला पोचतो, द्वादशीचं पारणं तुमच्याकडे, त्रयोदशीला मुलीला घेऊन निघतो.

पारणं म्हणजे काय ते सांगतो. एकादशीचा उपास द्वादशी असेतोवरच सोडायचा असतो, आणि त्या वर्षी पंचांगात द्वादशी सूर्योदयानंतर जेमतेम दीड तास होती. म्हणजे त्या दीड तासात वरणभात पानात पडला पाहिजे. आमची डाळ तीन तासांतही माणसात येत नव्हती.

मी खाली दादांकडे गेलो. तीस थेंबांचा माणूस प्रथमच कुणाकडे विचारायला गेला होता. तरी जाताना मी उत्तर बरोबर घेऊन गेलो होतो. मुंबईच्या एका कंपनीचा कॅटलॉग. त्यात पाणी मऊ करण्याचं घरगुती यंत्र होतं: पुरुषभर उंचीची लोखंडी नळकांडी, तिला तीन तोट्या, आत हिरवट वाळू. पाणी वरून सोडायचं, वाळू त्यातला कठीणपणा ओढून घेते, खालून मऊ पाणी. वाळू दमली की तिला मिठाचं पाणी पाजायचं, पुन्हा ताजीतवानी. शेजारी एका मडमेचं चित्र होतं, केस मोकळे सोडलेली. खरं सांगायचं तर मी त्या केसांवर भाळलो.

दादांनी आधी मान हलवली. "आमी रेल्वेत पिपात चुना अन सोडा टाकत होतो. माप धरून. बायलर खूष."

"दादा, चुन्याच्या पाण्यात वरण? हिला काय सांगू, विडा करतोय म्हणून?"

त्यांनी कॅटलॉग माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "वाचा तं काय लिवलं हाये." मी वाचलं. त्यांनी तीनदा वाचायला लावलं. प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी थांबवलं. "घरात ठेवता येते म्हनते? चुलीपाशी? बाईमानसाच्या हाताशी?"

"हो."

"मंग मागवा," म्हातारा म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा वेगळा लागला. मला वाटलं, माझ्या इंग्रजीचा प्रभाव.

कॅटलॉगात तीन आकार होते. मी सर्वांत धाकटा निवडला, कारण माणसं दोनच. पाणी किती कठीण त्यावर आकार ठरवावा असं खाली बारीक अक्षरांत होतं. बारीक अक्षरं मी विद्यार्थ्यांना वाचायला सांगतो, स्वतः वाचत नाही. किंमत इथे लिहीत नाही; ती हिला अजून सांगितलेली नाही.

पार्सल गावाबाहेरच्या लालबाग स्टेशनावर उतरलं, बैलगाडीतून घरी आलं, चार हमालांनी वर चढवलं. सगळा मोहल्ला जमला. मी पत्रक उघडून पहिली ओळ वाचली: यंत्र घरच्या नळास जोडावे.

आमच्या घरात नळ नव्हता.

साऱ्या गल्लीत नव्हता. आड होता, पोहरा होता, दोर होता. कॅटलॉग वाचताना मी मडमेचे केस पाहिले, वाळू पाहिली, तोट्या पाहिल्या. ज्यातून पाणी यायचं ती गोष्ट तेवढी पाहिली नव्हती. ही दारात उभी होती. आत गेली आणि ट्रंक उघडल्याचा आवाज आला.

दादांनी मला वाचवलं. "बायलरले बी नळ नसते मास्तर. टाकी उंचावर पाह्यजे, बस." गच्चीवर एक जुनं पिंप चढवलं, त्यातून खाली स्वयंपाकघरातल्या यंत्रापर्यंत नळी आणली. आता प्रश्न एवढाच की पिंपात पाणी कोण भरणार. भरणारा मीच होतो. शाळेआधी वीस बादल्या, शाळेनंतर वीस. आडातून शेंदायचं, शिडीवरून गच्चीवर चढवायचं, आणि ते नळीतून पुन्हा खाली येऊ द्यायचं. एक टांगेवाला रोज जाता-येता बघे. एके दिवशी त्याला राहवेना.

"मास्टर साब, पानी ऊपर काहे कू चढ़ा रहे?"

"नीचे लाने के लिए," मी धापा टाकत म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं, घोड्याकडे पाहिलं, आणि घोडा जरा जोरात हाकला.

आठवडाभर नळीचे सांधेच गळत होते, पण दशमीला दुपारी खालच्या तोटीतून जे पाणी आलं त्यात दादांनी कुपी भरली आणि दोन थेंबांत फेस आला. दोन! दादा घड्याळ बघायचं विसरले. कुपी उजेडात धरून उभेच राहिले. संध्याकाळपर्यंत मात्र आकडा अठरावर गेला. धाकट्या यंत्राची वाळू दमली होती. तिला मीठ पाजण्याची वेळ झाली आणि नेमके त्याच सुमाराला दादा इच्छापूरला निघाले. इच्छादेवीची जत्रा होती. जाताना मला बजावून गेले. "मीठ कुटायचं. पान्यात पुरं विरघळवायचं. मंग घालायचं. अन मंग मोरीत पानी सोडत ऱ्हायचं, जिभेले खारट लागनं बंद होईपर्यंत. कंजूशी करू नका."

"देवीला काय मागणार?" मी थट्टेने विचारलं.

"डाळ शिजू दे म्हनून," ते म्हणाले, आणि गेले.

दुसऱ्या दिवशी एकादशी. सकाळच्या गाडीने मामा आले. सडसडीत, गोरे, कपाळाला गंध, हातात फिरकीचा तांब्या. स्वयंपाकघरात डोकावले. यंत्र बघितलं, शेजारी मिठाची गोणी बघितली.

"हे काय, जावईबुवा?"

"मीठ, मामा. यंत्राला लागतं. पाणी मऊ करायला."

"समुद्राचं?"

"हो... बाजारचंच."

"म्हणजे आज एकादशीस ही पोर समुद्राच्या मिठातून आलेलं पाणी पिणार?" उपासाला साधं मीठ चालत नाही, सैंधव चालतं, एवढं मलाही ठाऊक होतं, पण यंत्रालाही उपास असतो हे डोक्यात आलं नव्हतं. मामांनी आपल्या तांब्यातलं पाणी घोटभर घेतलं. "आणि तुमची एकादशी कशी असते?"

तोवर एकादशी म्हणजे मला साबुदाण्याच्या खिचडीचा वार वाटे. पण हिने भरलेली ट्रंक भिंतीशी उभी होती, आणि मला कुठूनतरी दोन गुण हवेच होते.

"निर्जळी," मी म्हणालो.

ही चमकून माझ्याकडे बघायला लागली. मामांची भुवई पसंतीने वर गेली.

मी तडक किराणा दुकानात गेलो आणि पाच शेर सैंधव मागितलं. दुकानदाराने तराजू खाली ठेवला. "इतना सेंधा नमक? उपवास किसका है, मास्टरजी?"

"मशीन का," मी म्हटलं. आता गावात माझं आणखी काही बिघडण्यासारखं उरलं नव्हतं.

सैंधव म्हणजे गुलाबी दगड. कुटायला बसलो तर तीन ठोक्यांत बोट चेचलं. पोटात अन्न नाही, पाणी नाही, चैत्राचं ऊन. मी म्हटलं, दगड कशाला कुटायचे, आत टाकू, आपोआप विरघळतील. यंत्राचं झाकण काढून पाचही शेर खडे वाळूवर ओतले. मग पाणी सोडलं. आता खारटपणा जाईपर्यंत मोरीत वाहू द्यायचं होतं. पण ते पाणी काही नळाचं नव्हतं. त्यातली प्रत्येक बादली मी माझ्या खांद्याने गच्चीवर नेली होती; एकेकीला नाव ठेवता आलं असतं. त्या डोळ्यांदेखत मोरीत जाताना बघवेना. साहेबाच्या घरी नळ असतो, त्याला वाया घालवायला काय जातं! सहा बादल्या सोडल्या आणि तोटी बंद केली. जिभेवर घेऊन पाहायला हवं होतं हे खरं. पण मामा समोरच पाटावर जप करत बसले होते आणि माझी निर्जळी होती.

रात्रभर ते गुलाबी खडे आत सावकाश विरघळत राहिले. मी मात्र कोरड्या घशाने गाढ झोपलो.

द्वादशीला सूर्य उगवायच्या आत ही सोवळ्याने चुलीपुढे बसली. यंत्राच्या पाण्याचं आधण, त्यात डाळ. भातालाही तेच पाणी. मामा पंचांग मांडीवर घेऊन दारात. इच्छापूरहून रातोरात बैलगाडीने आलेले दादाही, अंगारा घेऊन, घड्याळ हातात धरून जिन्यावर बसले. पारण्याला एक अतिथी हवा म्हणून मामांनी त्यांनाच पानावर बोलावलं होतं. अर्धा तास झाला. आतून पळीचा आवाज आला. घट्ट, मऊ, फतफत असा. मी तो आवाज माझ्या घरात कधी ऐकला नव्हता.

ही दारात आली. चेहरा चुलीच्या धगीने लाल, आणि त्यावर हसू यायच्या बेतात. "अहो," ती म्हणाली, "शिजली."

तिने वरणात मीठ घातलं, नेहमीचं, हाताच्या अंदाजाने. चाखलं नाही. नैवेद्याआधी चाखायचं नसतं. देवाला दाखवलं, पानं वाढली. द्वादशीला अजून पाऊण तास होता. मामांनी आपोशन घेतलं, वरणभात कालवला. लोण्यासारखा कालवला गेला. पहिला घास घेतला.

मामा थांबले.

पारण्याचा घास टाकता येत नाही. थुंकता तर मुळीच येत नाही. त्यांची मान ताठ झाली, डोळे छताकडे गेले, आणि घास एका निश्चयाने खाली उतरला. मी माझा घास घेतला. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर लाट तोंडात जावी तसं झालं. भातही खारा, वरणही खारं, आणि दोन्ही एकत्र म्हणजे भरती. दारात ही, पदर सावरून, आमच्या तोंडांकडे बघत उभी. सहा महिन्यांत पहिल्यांदा शिजलेलं वरण.

मग मी दादांकडे पाहिलं. त्यांनी घास घेतला नव्हता. डाळीचा एक दाणा अंगठ्याखाली दाबून ते बघत होते. तो विरला. दुसरा दाबला. तोही विरला. मग त्यांनी मोठा घास घेतला, गिळला, आणखी घेतला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मला वाटलं, मिठाने.

"वाढा बाई," ते म्हणाले. "वरन वाढा."

हिने वाढलं. त्यांनी तेही संपवलं. पुन्हा पान पुढे केलं.

"दादा," मी न राहवून म्हणालो, "खारट नाही लागत?"

"लागते. पण शिजलं हाये ना."

हिने ते ऐकलं, आत जाऊन बोटाने वरण चाखलं. मग आतून असं हसू फुटलं की मामांच्या हातातला घास ताटात पडला. लग्न झाल्यापासून ती अशी हसलेली मी ऐकली नव्हती. मामांनी शेवटचा घास संपवला, हात धुतला आणि गंभीरपणे म्हणाले, "जावईबुवा, मला वाटलं होतं या गावात आमच्या समुद्राची आठवण येईल. इतकी येईल असं वाटलं नव्हतं."

दुपारी त्यांनी हिला विचारलं, "ट्रंक खाली घ्यायला सांगू?"

"नको मामा," ती म्हणाली. "श्रावणात येईन. आत्ता ह्यांना एकटं सोडलं तर हे काय पितील, देव जाणे."

इथे गोष्ट संपली असती तर माझी थोडी अब्रू राहिली असती. पण मामा गेले त्या संध्याकाळी शेजारच्या काकू वाटी घेऊन आल्या, यंत्राभोवती एक प्रदक्षिणा केली आणि हिला म्हणाल्या, "एवढं कायले करून ऱ्हायले बाई? डाळीले तापीचं पानी घ्यायचं. प्यायले आडाचं, डाळीले नदीचं. सगळे तेच करतेत. राजघाटावरून दोन घागरी रोज आनायच्या."

"मग तुम्ही इतके दिवस सांगितलं का नाही?" हिने विचारलं.

"आमाले वाटलं, तुमच्या कोकनात अशीच टनक खातेत."

मी धाड धाड जिना उतरून दादांकडे गेलो. "दादा! तापीच्या पाण्यात डाळ शिजते हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो. दहा थेंबाचं पानी हाये."

"मग मला यंत्र का घेऊ दिलंत? चाळीस बादल्या रोज! निर्जळी! पाच शेर सैंधव!"

ते उठले. पितळी ताटलीतून एक तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. माझ्या दाताची खूण अजून होती.

"तुम्ही विचारलं होतं, कुठला. हा आमच्या आधनाच्या पातेल्याचा. घरवाली गेल्यावर मी ठोकून काढला." बोटाच्या नखाने ते पापुद्रे दाखवत गेले, एकाखाली एक, किती तरी. "बावीस वर्षं. पहाटे मालगाडी जायची तवा ती डाळ टाके, मी ड्यूटीवरून येऊ तरी दाना कच्चाच. मी म्हने, तुले येतच नाई. बायलरले मऊ पानी पाह्यजे म्हनून मी साऱ्या लाईनवर भांडलो, मास्तर. साहेबाशी भांडलो. अन नदी घरापासून एवढ्यावर होती. मले दोन घागरी आनून देता आल्या नाईत." तुकडा त्यांनी परत घेतला. "तापी तं तवा बी होती. तुम्ही म्हटलं चुलीपाशी, बाईमानसाच्या हाताशी. मंग मले वाटलं, एकदा तरी पाहावं."

मग मी त्यांना विचारलं, राजघाटाची जवळची वाट कोणती. माझ्या बाबतीत ते क्वचितच घडतं.

यंत्र पुढे वर्षभर कोपऱ्यात उभं होतं. ही त्याच्या तोट्यांना सुपली आणि चाळणी अडकवत असे. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेआधी राजघाटावर जाऊ लागलो. खांद्यावर कावड, तिला दोन घागरी. वाटेत तो टांगेवाला भेटे. आता तो काही विचारत नसे. पाणी सरळ वाटेने चाललेलं बघून त्याच्या जिवाला बरं वाटत असावं. एक घागर मी आमच्या चुलीपाशी ठेवी, दुसरी खाली दादांच्या. त्यांच्या घरी आता डाळ शिजवणारं कुणी नव्हतं, ते आमच्याकडेच जेवत. तरीही ती घागर त्यांना लागे. रोज सकाळी त्यात ते कुपी बुडवत, थेंब टाकत, घड्याळ लावून बसत आणि मला जिन्यावर थांबवून आकडा सांगत. "दहा." कधी पावसाळ्यात "सात."

एकदा असाच मी ओल्या खांद्याने उभा होतो आणि त्यांनी कुपीकडे न बघताच म्हटलं, "सव्वीस."

"आज नदी एवढी कठीण?"

"नदी नाई," ते म्हणाले. "तुम्ही."